टेकण

पेट्रिशियाकडे कुणी काही सांगायला आलं, की ती आधी खुर्ची ओढायची. ऐकायचंच आहे तर बसून ऐकू, एवढी एकच चैन तिने या वयात स्वतःसाठी राखून ठेवली होती. त्या दिवशी रेवती आली तेव्हाही तिने ओट्यावरची प्लास्टिकची खुर्ची ओढली, गाऊनला हात पुसले आणि म्हणाली, "बोल."

रेवती बोलायला लागली. पोरगी वाईट नव्हती. आर्किटेक्चर शिकलेली, उन्हातान्हात माणसांचे घोळके घेऊन बावडीचा बोळ दाखवत फिरणारी. तिच्याच खटपटीने बोळाच्या तोंडाशी त्याचा इतिहास सांगणारी निळी पाटी लागली होती आणि तिच्याच खटपटीने येत्या शनिवारी बोळ महोत्सव भरणार होता. दिवसभर गाणी, नाटुकली, भिंतींवर चित्रं, आणि इथे राहून गेलेल्या कलावंतांचा सत्कार. त्यातले बहुतेक वर जाऊन पोचले होते. उरले होते दोघंच. एक बोळाच्या तोंडाशी राहणारा दादू शाहीर, आणि दुसरा पेट्रिशियाचा नवरा लेस्टर, ज्याने उभी हयात ट्रम्पेट फुंकण्यात घालवली होती.

"अंकलना आपण व्हीलचेअरवर पुढे बसवू," रेवती म्हणाली.

"व्हीलचेअर बोळात वळत नाय. आणि शनिवारी त्याचं डायलिसिस असतं, दुपारच्या पाळीला. जेवला की निघायचं." पेट्रिशिया जरा थांबली. एका दमात एवढं बोलायची तिची सवय गेली होती. "मला सत्कार-बित्कार नको गं. तेवढा वेळ मला बोळ मोकळा दे, बस."

"नक्की, आंटी. दोन्ही टोकांना आपली मुलं उभी ठेवते. तुम्ही निघालात की सगळं थांबवणार."

"थांबवशील ना?"

"प्रॉमिस."

पेट्रिशियाने मान डोलावली. आयुष्यात तिला प्रॉमिसं पुष्कळ मिळाली होती आणि त्यातली बरीचशी ट्रम्पेटवाल्याकडून, त्यामुळे तो शब्द ऐकून तिला काही व्हायचं बंद झालं होतं. पण दुसरा इलाजही नव्हता.

बावडीचा बोळ म्हणजे अंधेरीच्या त्या गावठाणाइतकीच जुनी पायवाट. एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला बावडी आणि तिच्याभोवती चार घरं. बावडीवर आता सिमेंटचा स्लॅब पडलाय. मागच्या बाजूने पूर्वी शेतांतून जाता यायचं, तिथे टॉवरची भिंत उभी राहिली, तेव्हापासून यायला-जायला बोळ सोडून दुसरी वाट नाही. आणि बोळ असा अरुंद, की दोघं समोरासमोर आले तर एकाने निमूट मागे फिरावं. त्यात बरोबर मधोमध हाताच्या कोपरासारखं वळण, म्हणजे समोरून कोण येतंय ते दिसायची सोय नाही. म्हणून जुना रिवाज होता, बोळात शिरण्याआधी आवाज द्यायचा. ज्याने आधी आवाज दिला त्याची वाट, दुसऱ्याने बाहेर थांबायचं.

साध्यासुध्या माणसांनी 'येतोय रे' म्हणून भागवलं असतं. पण पन्नास वर्षांपूर्वी इथे साधीसुधी माणसं होती कुठे? स्टुडिओ जवळ, खोल्यांचं भाडं नावापुरतं, आणि घरमालकिणी मऊ काळजाच्या, त्यामुळे मुंबईतले सगळे ओवाळून टाकलेले लोक या बोळाच्या आसऱ्याला आले. सिनेमाची बॅनरं रंगवणारे, ऑर्केस्ट्रात वाजवणारे, नाटकांत भाला धरून उभे राहणारे, कविता करणारे, आणि नुसतीच दाढी वाढवून बसणारे. प्रत्येकाचा आवाज निराळा. बॅनरवाला सहदेव रंगाचा रिकामा डबा बडवत शिरायचा. परभणीकडून आलेला दादू कानावर हात ठेवून लांबलचक तान सोडायचा. एक कवी होता, तो सरळ शिवी हासडायचा, रोज नवी, आणि बावडीवरच्या बायका कानांवर हात ठेवून ती नीट ऐकून घ्यायच्या. आणि मनोरीच्या होडीतून ट्रम्पेटची पेटी घेऊन आलेला लेस्टर शीळ घालायचा. तीन सुरांची, पायरी पायरी चढत जाणारी.

हे सगळं निळ्या पाटीवर आहे. रेवती घोळक्यापुढे उभी राहून ते सांगते तेव्हा लोक डोळे मिटून ऐकतात.

पाटीवर नाही ते एवढंच, की बायकांना आवाज नव्हता. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन निघालेली बाई शीळ घालणार कशी आणि डबा बडवणार कशाने? आणि घातलीच असती शीळ, तर घरी आईने थोबाड रंगवलं असतं. बायकांसाठी वळणापाशी भिंतीत एक खोलगट जागा होती, एक माणूस अंग चोरून उभं राहील एवढी. समोरून आवाज आला की तिथे पाठ लावून उभं राहायचं, कलावंतांना जाऊ द्यायचं, मग आपण निघायचं. बायका त्या जागेला टेकण म्हणत. पेट्रिशिया बावडीकाठच्याच घरात जन्मली. हंडा पेलायला लागल्यापासून ती टेकणात उभी राहत आली. बावडीचं पाणी धुण्याभांड्यापुरतं, पिण्याचं रस्त्यापलीकडच्या नळावरून भरून आणायचं. हंड्यातलं पाणी मानेवरून पाठीवर ओघळायचं आणि समोरून दादू कुणातरी मित्राशी कवितेवर वाद घालत चाललेला असायचा. वाद रंगात आला तर दोघं तिथेच, तिच्या नाकासमोर थांबायचे. रेवती त्या दिवसांना 'बोहेमियन' म्हणते. पेट्रिशियाने कधी त्या शब्दाचा अर्थ विचारला नाही.

फक्त एका दिवसाचा अपवाद असायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीसाठी उंबराचं पाणी काढायचे. बावडीतून पाणी भरायचं, त्यावर उंबराची डहाळी ठेवायची आणि बायकांच्या घोळक्यात नवरीने ते बोळातून रस्त्यावरच्या क्रुसापर्यंत मिरवत न्यायचं, परत आणायचं. त्या वेळी बायका ओरडायच्या, "पाणी येतंय! पाणी येतंय!" आणि ते ऐकलं की बोळात असेल त्याने, मग तो कितीही मोठा कलावंत असो की कितीही प्यालेला असो, उलट पावली बाहेर जायचं. पेट्रिशियाच्या पाण्याच्या वेळी नवरदेव स्वतःच शीळ घालत आत शिरला होता. आरोळी ऐकून लेस्टर पळत मागे फिरला आणि ट्रम्पेट बगलेत धरून, टोपी काढून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. पेट्रिशिया बोळाच्या मधोमध, खांदे सैल सोडून, सावकाश चालत गेली. तेवढी ती एकदाच.

पुढे काय, लग्न झालं आणि ती औषधांच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या पट्ट्यावर उभी राहायला लागली. लेस्टरला कधी रेकॉर्डिंग मिळायचं, कधी लग्नाची वरात. मग कीबोर्ड आले आणि ट्रम्पेटवाले घरी बसले. घरी बसला तो प्यायला बसला. पोरगी यव्होन दुबईला गेली. लेस्टरने दारू सोडली, पण तोवर मूत्रपिंडांनी लेस्टरला सोडलं होतं. आता आठवड्यातून तीनदा त्याला लाकडी खुर्चीत बसवून, खुर्चीला दोन बांबू बांधून, पालखीसारखं बोळातून बाहेर काढायचं. पुढचे दांडे दादूच्या नातवाच्या, विशालच्या खांद्यावर. तो वीजमिस्त्री होता आणि आपली कामं या वेळा सांभाळून घ्यायचा. मागचे दांडे रिक्षावाल्या यज्ञेशकडे. पुढे चालायची पेट्रिशिया, औषधांची पिशवी आणि चादर घेऊन. नाकी नऊ आले होते तिच्या. झोपेतून उठली तरी ती दमलेलीच उठायची.

आणि त्यातच मागच्या शनिवारचं ते झालं होतं.

खुर्ची वळणाशी आली आणि समोरून रेवतीचा घोळका. पेट्रिशियाने एका क्षणाचाही विचार केला नाही. ती टेकणाकडे सरकली आणि मागे हात करून म्हणाली, "ठेव रे विशाल, ठेव खुर्ची भिंतीला तिरकी. जाऊ दे त्यांना." विशाल म्हणाला, "आंटी, त्यांना सांगू या ना मागे व्हायला." ती म्हणाली, "पाच मिनिटांचं तर काम." मग एकेक जण अंग चोरून, सॉरी-सॉरी म्हणत, लेस्टरच्या सुजलेल्या पावलांना ओलांडत गेला. एकाने भिंतीचा फोटो काढला. एकीने पेट्रिशियाला विचारलं, तुम्ही इथेच राहता का, हाऊ लकी. घोळक्याचं शेपूट काही संपेना. त्यात पुढे सिग्नलला रिक्षा अडकली, आणि सेंटरला पोचेपर्यंत लेस्टरचं मशीन दुसऱ्या पेशंटला लागलं होतं.

रविवारी लेस्टरला श्वास पुरेना. आडवा केला की घुसमटायचा, उशांना टेकवून बसवला की डोळे विस्फारून दाराकडे बघत राहायचा. सोमवारी सकाळी त्याला मशीनवर घेतलं तेव्हा डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "पुन्हा एक डायलिसिस चुकलं तर मला काही सांगता यायचं नाही."

कुणी पेट्रिशियाला बोल लावला नाही. विशाल बोलला नाही, यज्ञेश बोलला नाही. लेस्टरला तर बोलायला श्वासच नव्हता. म्हणूनच ते तिच्या जिवाला जास्त लागलं. त्या लोकांनी वाट मागितली नव्हती. तिनेच दिली होती, आपणहून, नवऱ्याच्या जिवातून काढून. तिला स्वतःचा इतका राग आला, की दोन दिवस ती त्या टेकणाकडे बघायचं टाळत होती.

महोत्सवाच्या सकाळपासून बोळात गलका होता. रेवतीने खरंच मुलं उभी केली होती. बावडीच्या टोकाला सपना नावाची एक काटकुळी मुलगी, गळ्यात ओळखपत्र आणि हातात फोन. ती येता-जाता पेट्रिशियाला हसून दाखवत होती. रस्त्याच्या टोकाला मांडव, मांडवात माईक आणि माईकसमोर दादू. कित्येक वर्षांत दादूला कुणी गायला बोलावलं नव्हतं. सकाळीच तो डफ घेऊन, धुतलेलं धोतर आणि निळा फेटा बांधून पेट्रिशियाच्या दारात येऊन गेला होता.

"कसा दिसतो रं लेस्टर?"

लेस्टर उशीवरून म्हणाला, "फोटो काढून घे. परत असा दिसशील की नाय सांगता येत नाय."

"तू ये की संध्याकाळी. दोघांना शाल घालणार हायेत."

"मला आधी मशीनला घालू देत."

दादू हसत गेला, पण जाताना पेट्रिशियाजवळ हळूच म्हणाला, "बाय, आज लई माणसं येणार. माझी दुपारचीच वेळ हाये." त्याच्या आवाजात लहान पोराची लगबग होती. तिला त्याचं कौतुक वाटलं आणि थोडा हेवाही वाटला. एवढा उत्साह या वयात माणूस आणतो कुठून?

जेवण झालं. विशाल आणि यज्ञेशने खुर्ची उचलली. सपनाने फोन लावला, पलीकडच्याचं ऐकलं आणि अंगठा दाखवला. "क्लिअर आहे आंटी. जा तुम्ही."

पेट्रिशिया पुढे निघाली. भिंतींवर सकाळीच रंगवलेले ट्रम्पेट, डफ आणि दाढीवाले चेहरे अजून ओले होते. "रंग लागेल, सांभाळून," ती मागे वळून म्हणाली. बोळात बरोबर वळणापर्यंत सगळं शांत होतं. आणि वळणापलीकडून एकदम डबे बडवल्याचा आवाज आला.

पलीकडच्या मुलाने फोनवर क्लिअर म्हटलं ते त्याच्यापुरतं खरंच होतं. फोन आल्यावर नवीन कुणाला आत सोडायचं नाही, एवढंच त्याला ठाऊक. जी मिरवणूक आधीच आत शिरली होती ती त्याने मोजलीच नव्हती. कॉलेजची पोरं होती ती. बोळातल्या जुन्या आवाजांचा खेळ बसवला होता त्यांनी. कुणी डबा बडवत होतं, कुणी तान घेत होतं, कुणी शिट्या मारत होतं, आणि त्यांच्यामागे फोन उंचावलेले प्रेक्षक, थेट रस्त्यापर्यंत खच्चून भरलेले.

विशाल ओरडला, "ओ, मागे व्हा! पेशंट आहे!" पण त्या गदारोळात कोण ऐकतो? आणि ऐकलं त्यांनाही मागे सरकायला जागा नव्हती, कारण मागचे पुढे रेटत होते. तेवढ्यात खुर्चीतून लेस्टरने मान वर केली आणि ओठांचा चंबू केला. पेट्रिशियाला कळलं तो काय करतोय. तो शीळ घालत होता. पहिला सूर जेमतेम लागला, दुसऱ्यावर नुसती हवा आली आणि तिसऱ्याला तेवढीही उरली नाही. समोरच्या पोरांपैकी एकजण आनंदाने म्हणाला, "अरे, हे तर तेच, ट्रम्पेटवाले!" आणि टाळ्या पडल्या. सगळे फोन लेस्टरकडे वळले. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग.

लेस्टरने डोळे मिटून घेतले.

पेट्रिशियाची पाठ सवयीने टेकण शोधू लागली. टेकणात एक पोरगा बसला होता. खोटी दाढी, झोळी, कानावर विडी. डोक्यावर पुठ्ठा लटकवलेला, 'कलावंतांचा कट्टा'. पोरगा सालस होता, तिला बघून पटकन उठला.

"या आंटी, तुम्ही इथे उभ्या राहा. खुर्ची जरा तिरकी ठेवा. पाच मिनिटांत सगळे जातील."

तेच टेकण, तीच पाच मिनिटं. तिचा एक पाय तिकडे वळलासुद्धा. खरं सांगायचं तर तिला तिथे जावंसंच वाटत होतं. पाठ टेकावी, डोळे मिटावेत, हे सगळे एकदाचे जाऊ द्यावेत. भांडायचं बळ तिच्यात नव्हतं. मग तिला लेस्टरची पावलं दिसली, चपलेत न मावणारी, आणि तो रविवार आठवला. तिने वळलेला पाय परत जागेवर आणला आणि बोळाच्या मधोमध उभी राहिली.

"पाणी येतंय!"

आवाज फाटला. तिचा तिलाच तो अनोळखी वाटला. पुढची पोरं हसली, कुणीतरी "वा!" म्हणालं. तिने पिशवी खाली टाकली, दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि बाटल्यांच्या पट्ट्याजवळ, टेकणात, डॉक्टरांच्या दाराबाहेर उभं राहून साठलेलं जेवढं होतं तेवढं सगळं त्या दोन शब्दांत घालून ओरडली.

"पाणी येतंय! पाणी येतंय!"

रस्त्याच्या टोकाला दादू ऐन रंगात होता. गळा जुना असला तरी तापला होता, मांडव भरला होता, आणि पुढच्या रांगेत शाल घेतलेले पाहुणे माना डोलावत होते. मध्येच त्याचा डफ थांबला. लोकांना वाटलं म्हातारा विसरला. दादूने मान तिरकी करून कान दिला, पुन्हा एकदा ऐकलं आणि माईक तोंडाशी धरला.

"गप. गप बसा समदे. बोळातली माणसं मागं फिरा. पाणी येतंय."

कुणीतरी विचारलं, "कसलं पाणी?"

"आमच्या बायांचं. फिरा म्हणतो ना मागं! ए, पहिलं ते शेपटाकडचे निघा, चला. माझं गाणं ऱ्हाऊ द्या. उठा, मांडव मोकळा करा, त्यांना बाहेर यायला जागा द्या."

माईक सोडून तो स्वतः बोळाच्या तोंडाशी गेला आणि माणसांना दंडाला धरून बाहेर ओढू लागला. रेवती धावत आली, काय झालं ते तिला क्षणात उमगलं. तीही लोकांना मागे घ्यायला लागली. आधी शेपूट सैल झालं, मग मधले लोक उलट पावली चालू लागले, मग डबे थांबले, शिट्या थांबल्या. वळणापाशी पेट्रिशियाला हे काही दिसत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की समोरची पोरं एकेक पाऊल मागे जातायत आणि तिच्यासमोर बोळाची फरशी उघडी पडत चाललीय.

"चल रे विशाल," ती म्हणाली. पिशवी खोट्या दाढीवाल्याने उचलून दिली.

रस्त्यावर आली तेव्हा माणसं दोन्ही बाजूंना गप्प उभी होती. कुणी फोन वर धरला नव्हता. रिकाम्या झालेल्या मांडवापाशी दादू उभा होता. फेटा सुटून खांद्यावर आला होता, डफ कुठे ठेवला कुणास ठाऊक. पेट्रिशियाला म्हणायचं होतं, तुझं गाणं बुडालं रे. पण यज्ञेश रिक्षा चालू करत होता.

"जा बाय, जा लवकर," दादू म्हणाला.

मशीन मिळालं. लेस्टरच्या हातात सुया टोचल्या, नळ्यांतून रक्त फिरायला लागलं, आणि पेट्रिशिया बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या झोपली. तोंड उघडं, मान कलती, चादर मांडीवर. सिस्टरने दोनदा येऊन तिला सरळ केलं तरी तिला जाग आली नाही.

परत आले तेव्हा दिवे लागले होते. महोत्सव उरकला होता. मांडवाचे बांबू उतरवून ठेवले होते, बोळात कागदी कप लोळत होते. दादूच्या दाराला कडी होती. वळणाशी खुर्ची आली तशी पेट्रिशिया थांबली.

"ठेवा रे जरा," ती म्हणाली.

"काय झालं आंटी?" विशालने खुर्ची खाली टेकवली.

"काही नाय. पाय दुखतात."

टेकणाच्या वर पुठ्ठा तसाच लटकत होता. तिने तो वाचला नाही. ती आत गेली आणि खाली बसली. आयुष्यभर ती त्या जागेत उभी राहिली होती, बसली कधीच नव्हती. बसल्यावर तीच जागा चांगली ऐसपैस वाटली. भिंत दिवसभराच्या उन्हाने कोमट होती. तिने पाय पसरले, ते थेट समोरच्या भिंतीला लागले आणि सगळा बोळ अडला.

लेस्टर खुर्चीतून तिच्याकडे बघत होता. मशीनवरून आला की त्याला थोडा श्वास असायचा. "दुसऱ्यांदा बरा लागला तुझा आवाज," तो म्हणाला. "पहिल्यांदा बेसूर होता."

"तुझा लागलाच नाय."

"नाय लागला," लेस्टर म्हणाला. मग तिच्या पसरलेल्या पायांकडे बघत म्हणाला, "मला वाटायचं, तुम्हाला बायांना इथे थांबायला आवडतं. आम्हाला बघायला."

पेट्रिशियाला हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तिने गाऊनच्या बाहीने ते पुसून टाकलं.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने पावलं वाजली आणि वळणाच्या पलीकडे येऊन थांबली.

"आंटी? मी रेवती." आवाज रडून बसल्यासारखा होता. "दादूंना शाल घातली. अंकलची घेऊन आलेय. आणि मला तुमची माफी... येऊ का मी?"

विशालने सवयीने दांड्यांना हात घातला. यज्ञेशही वाकला. लेस्टरने पेट्रिशियाकडे पाहिलं.

पेट्रिशियाने पाय आखडले नाहीत. तिने डोकं मागे, कोमट भिंतीला टेकवलं आणि डोळे मिटले.

"थांब जरा," ती म्हणाली.

आणि वळणापलीकडे रेवती हातात शाल धरून थांबली.